वाळवंटी नगरातील रस्ते आणि मार्गफलकांची निगा : जैसलमेरच्या उदाहरणावरून एक अभ्यास

रस्ता बांधून झाला, उद्‌घाटन पार पडले, की त्या रस्त्याविषयीचे कर्तव्य संपले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः रस्त्याचे खरे आयुष्य तेथूनच सुरू होते. ऊन, वारा, पाणी आणि वाहतूक हे चार घटक पहिल्या दिवसापासून रस्त्याची झीज करू लागतात. ही झीज वेळच्या वेळी ओळखून तिला आवर घालणे म्हणजेच निगा होय. निगेचे महत्त्व समजून घ्यावयाचे असेल, तर जेथे निसर्ग सर्वांत कठोर आहे असे एखादे नगर अभ्यासावे. थरच्या वाळवंटातील जैसलमेर हे अशा अभ्यासासाठी उत्तम उदाहरण आहे.

जैसलमेर मोठे शहर नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ६५ हजारांच्या आसपास होती. म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम नगरपरिषदेएवढीच. जिल्हा मात्र विस्ताराने अवाढव्य असून २०११ मध्ये तेथे दर चौरस किलोमीटरला सरासरी १७ माणसे राहत होती. इतक्या विरळ वस्तीच्या प्रदेशात बाजार, शाळा, रुग्णालय, कचेरी या सर्वांसाठी लोकांना दूरदूरच्या ढाण्यांमधून, म्हणजे वाड्यावस्त्यांमधून, याच नगरात यावे लागते. वाट चुकली किंवा रस्ता वाळूने बंद झाला, तर पुढचे गाव जवळ नसते, सावली नसते आणि पाणीही नसते. यामुळे रस्ता आणि त्यावरील फलक या गोष्टी तेथे केवळ सोयीच्या राहत नाहीत. त्या जीवनावश्यक ठरतात.

नगराची रचना

इ. स. ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी त्रिकूट टेकडीवर या नगराची स्थापना केली. पिवळ्या चुनखडकात बांधलेला तेथील किल्ला ‘सोनार किल्ला’ म्हणून ओळखला जातो. २०१३ मध्ये राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांच्या समूहाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत हा किल्ला आहे. किल्ल्याच्या आत आजही लोकवस्ती आहे. घरे आहेत, देवळे आहेत, दुकाने आहेत आणि अर्थातच गल्ल्याही आहेत.

या नगरात रस्त्यांचे तीन प्रकार स्पष्ट दिसतात. पहिला प्रकार किल्ल्यातील व जुन्या पेठेतील अरुंद, दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांचा. दोन्ही बाजूंच्या उंच हवेल्यांची सावली वाटेवर पडावी आणि तप्त वाऱ्याला सरळ मार्ग मिळू नये, हा त्या अरुंदपणातील लाभ. दुसरा प्रकार तटबंदीबाहेर वाढलेल्या नव्या वस्त्यांतील डांबरी व काँक्रीटच्या रस्त्यांचा. तिसरा प्रकार नगरातून बाहेर पडणाऱ्या लांब पल्ल्याच्या रस्त्यांचा. जोधपूर, बाडमेर, रामगढ आणि सम यांकडे जाणारे रस्ते या प्रकारात येतात. या तिन्ही प्रकारांचे शत्रू वेगवेगळे आहेत, म्हणून त्यांची निगाही वेगवेगळ्या रीतीने करावी लागते.

वाळू कशी चालते?

वाळवंटी रस्त्याचा पहिला शत्रू वाळू. वाळूच्या वहनाचा शास्त्रीय अभ्यास करणारे ब्रिटिश सैनिकी अभियंता राल्फ बॅग्नोल्ड यांचा या विषयावरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाऱ्याबरोबर कण तीन प्रकारे सरकतात, असे हा अभ्यास सांगतो. अत्यंत बारीक धूळ हवेत तरंगत दूरवर जाते. मध्यम आकाराचे कण उड्या मारीत पुढे जातात. जाड कण उड्या मारणाऱ्या कणांचे धक्के खात जमिनीलगत सरपटतात. रस्ता अडविणारी बहुतेक वाळू उड्या मारणाऱ्या कणांची असते आणि तिचे वहन मुख्यतः जमिनीलगतच्या थरातच होते.

या साध्या तत्त्वातून तीन व्यावहारिक नियम निघतात. पहिला नियम असा की, वाऱ्याचा वेग जेथे मंदावतो तेथे वाळू पडते. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट असेल, त्याच्या कडेला मातीचा ढीग, पडकी भिंत किंवा बांधकामाचे साहित्य पडलेले असेल, तर तेथे वाळू साचणारच. याउलट रस्ता भोवतालच्या जमिनीहून किंचित उंच आणि त्याचे उतार सौम्य असतील, तर वाळू पुष्कळ अंशी रस्ता ओलांडून निघून जाते.

दुसरा नियम काढलेल्या वाळूविषयी आहे. राजस्थानच्या पश्चिम भागात उन्हाळ्यातील जोरदार वारे प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून वाहतात. रस्त्यावरून काढलेली वाळू नैर्ऋत्येच्या बाजूला टाकली, तर पुढल्या वादळात तीच वाळू रस्त्यावर परत येते. मजुरी दोनदा खर्च होते आणि काम शून्य राहते. म्हणून वाळू नेहमी वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला, रस्त्यापासून पुरेशी दूर नेऊन पसरून टाकावी. तिचा ढीग करू नये.

तिसरा नियम वाळू रस्त्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिला थोपविण्याचा. जोधपूर येथील केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेने वालुकागिरी स्थिर करण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे. वाळलेल्या झुडपांच्या फांद्या वाऱ्याच्या आडव्या ओळींत किंवा चौकटींत रोवावयाच्या, त्यांच्या आडोशाला गवत व झाडे वाढवावयाची, अशी ही पद्धत आहे. सेवण गवत, फोग, इस्रायली बाभूळ या वनस्पती तेथे उपयोगी ठरल्या आहेत. या आडोशाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भरीव भिंतीपेक्षा वारा काही प्रमाणात आरपार जाऊ देणारा विरळ आडोसा अधिक उपयुक्त असतो. भरीव भिंतीमागे भोवरे निर्माण होतात, तर विरळ आडोसा वाऱ्याचा वेग हळूहळू कमी करतो व वाळू आपल्या पायाशीच ठेवून घेतो. मात्र हा आडोसा रस्त्याला लागून नसावा. त्याच्या पायाशी साचणाऱ्या वाळूला पुरेशी जागा राहील, इतक्या अंतरावर तो असावा.

नगराच्या आतील झाडलोट

नगराच्या आत वाळूचे प्रमाण कमी असले तरी उपद्रव कमी नसतो. वळणावर पसरलेल्या पातळ वाळूवरून दुचाकी घसरते. गटारात गेलेली वाळू कचऱ्यासह घट्ट बसते आणि पहिल्याच पावसात पाणी रस्त्यावर येते. पाणी दुर्मीळ असल्याने शिंपडून झाडणे सर्वत्र परवडत नाही. अशा ठिकाणी वारा मंद असतो त्या पहाटेच्या वेळी झाडणे, झाडलेली वाळू त्याच फेरीत उचलून नेणे आणि ती कडेला ढीग करून न ठेवणे, ही शिस्तच उपयोगी पडते. दुपारपर्यंत पडून राहिलेला ढीग वारा पुन्हा रस्त्यावर पसरतो आणि सकाळचे श्रम वाया जातात.

येथे सफाई कामगारांच्या आरोग्याचा विचार अगत्याचा आहे. वाळूच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि अशी धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसांत जाणे घातक ठरते. नाकातोंडावर योग्य आवरण, लांब दांड्याचा झाडू, उन्हापूर्वी काम संपेल अशी वेळ आणि पिण्याच्या पाण्याची सोय या गोष्टींची तरतूद झाडलोटीच्या खर्चातच धरली पाहिजे. नगर स्वच्छ राखणाऱ्याचे शरीर झिजवून मिळालेली स्वच्छता ही खरी काटकसर नव्हे.

उष्णता आणि डांबर

दुसरा शत्रू उष्णता. मे-जून महिन्यांत जैसलमेरचे तापमान अनेकदा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. काळ्या डांबरी पृष्ठभागाचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा बरेच अधिक असते. भारतीय मानकात डांबराची प्रत त्याच्या ६० अंश सेल्सिअसला मोजलेल्या घट्टपणावरून ठरविली जाते, ती याच कारणाने. उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग साधारण इतका तापतो. पूर्वी डांबराची प्रत २५ अंशांना सुई किती खोल रुतते यावरून ठरविली जात असे. २००६ पासून घट्टपणावर आधारलेली वर्गवारी स्वीकारण्यात आली. तिच्यातील व्हीजी-३० आणि व्हीजी-४० या प्रती रस्त्यांच्या कामात परिचित आहेत. अधिक उष्ण प्रदेशात व जड वाहतुकीच्या मार्गांवर यांपैकी अधिक घट्ट प्रत निवडणे हिताचे असते.

प्रत मऊ असेल तर उन्हाळ्यात चाकांच्या ओळींत घळ पडते. चौकात व बसथांब्यावर, जेथे वाहने थांबतात, तेथे पृष्ठभाग लाटांसारखा उंचसखल होतो. याखेरीज प्रखर सूर्यप्रकाश व हवेतील प्राणवायू यांमुळे डांबर वर्षागणिक कडक व ठिसूळ होत जाते. मग वाहतूक कमी असलेल्या रस्त्यावरही जाळीसारख्या भेगा पडतात आणि खडी सुटू लागते. “या रस्त्यावरून तर गाड्याच जात नाहीत, मग तो खराब कसा झाला?” असा प्रश्न सभेत विचारला जातो. त्याचे उत्तर हेच आहे. वाळवंटात वाहतूक थांबली तरी रस्त्याचे वय थांबत नाही.

वाळवंटी प्रदेशात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. ती म्हणजे क्षार. खारट जमिनीतील माती किंवा खारे पाणी रस्त्याच्या थरांत वापरले गेले, तर बाष्पीभवनाबरोबर क्षार वर येतात, पातळ डांबरी थराखाली त्यांचे स्फटिक बनतात आणि थर फुगून सुटतो. बांधकामाच्या वेळी पाण्याची व मुरमाची तपासणी करणे हे नंतरच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

कडेची साइडपट्टी हा असाच दुर्लक्षित भाग. वाळूचा भराव दोन्ही बाजूंनी आवळलेला असेपर्यंत भार उत्तम पेलतो. परंतु कडेची वाळू वाऱ्याने उडून गेली, की डांबराची कड उघडी पडते, तुटते आणि रस्ता दोन्ही बाजूंनी अरुंद होत जातो. समोरून येणाऱ्या वाहनाला वाट देताना चाक खाली उतरते व गाडी कलते. साइडपट्टीवर मुरूम किंवा बारीक खडी दाबून घालणे हे काम दिखाऊ नाही, पण रस्त्याचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

क्वचित येणारे, पण घातक पाणी

तिसरा शत्रू पाणी. जैसलमेरचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान २०० मिलिमीटरहून कमी आहे. त्यामुळे तेथे पाण्याच्या निचऱ्याची आवश्यकता नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. हा समज किती धोक्याचा आहे, हे शेजारच्या बाडमेर जिल्ह्याने ऑगस्ट २००६ मध्ये अनुभवले. त्या पुरात कवास गाव व परिसर बुडाला आणि जमिनीखालील जिप्समच्या थरामुळे पाणी दीर्घकाळ मुरले नाही. वाळवंटातील पाऊस थोडा असतो, परंतु पडतो तेव्हा अल्पावधीत पडतो. वर्षभर वाळूने भरलेल्या मोऱ्या त्या एका दिवशी निरुपयोगी ठरतात.

जैसलमेरच्या किल्ल्यात पाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. टेकडी मऊ गाळखडकाची आहे. पूर्वी पाणी डोक्यावरून वाहून आणले जाई, त्यामुळे वापर अल्प होता. नळाचे पाणी आल्यानंतर वापर वाढला आणि गळतीचे पाणी टेकडीच्या पोटात मुरू लागले. किल्ल्याच्या स्थैर्याविषयी तज्ज्ञांना वाटणाऱ्या काळजीचे ते एक प्रमुख कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जोरदार पावसानंतर तटाच्या भिंतीचा काही भाग कोसळला. अशा ठिकाणी गल्लीची फरसबंदी हा केवळ चालण्याचा पृष्ठभाग नसतो. टेकडीवरील छपराचे कामही तीच करते. दगडांमधील सांधे उघडे राहिले, उतार बिघडला किंवा नळदुरुस्तीसाठी उकरलेली गल्ली तशीच सोडली, तर प्रत्येक खड्डा पाणी थेट पायापर्यंत नेतो. म्हणून फरशी उचलताना तिच्यावर क्रमांक घालणे, खालचा भराव दाबून घेणे, फरशी पूर्ववत बसविणे व सांधे भरणे, एवढी सर्व कामे पूर्ण झाल्याशिवाय नळदुरुस्ती पुरी झाली असे मानू नये.

मार्गफलक : रस्त्याची वाणी

रस्ता वाहन पेलतो, परंतु वाहनचालकाशी बोलतो तो फलक. भारतात मार्गफलकांचे तीन वर्ग आहेत. लाल कडेच्या वर्तुळांचे प्राबल्य असलेले आज्ञादर्शक फलक, लाल कडेच्या त्रिकोणातील सावधानतेचे फलक आणि चौकोनी माहितीदर्शक फलक. ‘थांबा’ हा अष्टकोनी आणि ‘वाट द्या’ हा उलट्या त्रिकोणाचा फलक मुद्दाम वेगळ्या आकाराचा ठेवलेला आहे. अक्षरे पुसली, धूळ बसली, तरी नुसत्या आकारावरून तो ओळखता यावा, हा त्यातील हेतू. फलकांचे आकार, रंग व उभारणी यांचे तपशील भारतीय रस्ते काँग्रेसच्या ६७ क्रमांकाच्या संहितेत दिलेले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११६ मध्ये फलक उभारण्याचे अधिकार सांगितले असून फलक काढणे, बदलणे किंवा विद्रूप करणे यास मनाई आहे. फलक झाकणारी जाहिरात हटविण्याची तरतूदही त्यात आहे.

वाळवंटात फलकांचे महत्त्व दुप्पट होते, कारण रस्त्यावर रंगविलेले पट्टे वाळूखाली झाकले जातात किंवा वाळूच्या घर्षणाने झिजतात. जमिनीवरची खूण दिसेनाशी झाली, की खांबावरचा फलक आणि कडेचे खुंट एवढाच आधार उरतो.

फलक रात्री दिसतो तो त्यावरील परावर्तक पत्र्यामुळे. या पत्र्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. वाहनाच्या दिव्याचा प्रकाश ते इतस्ततः न पसरविता पुन्हा वाहनाच्याच दिशेने परत पाठवितात. यावर धुळीचा थर बसला किंवा वाळूने ओरखडे पडले, तर प्रकाश विखुरतो. परिणामी जो फलक दिवसा स्वच्छ वाचता येतो, तोच रात्री काळा दिसतो. फलकांची पाहणी केवळ कचेरीच्या वेळेत केली, तर हा दोष कधीही लक्षात येत नाही. यासाठी वर्षातून किमान दोनदा वाहनाच्या दिव्याच्या प्रकाशात रात्रपाहणी झाली पाहिजे.

सूर्यप्रकाशाने रंग विटतात आणि बहुधा लाल रंग प्रथम विटतो. ही गोष्ट क्षुल्लक नाही. लाल कड हीच मनाईची व धोक्याची खूण आहे. ती फिकट झाली की ‘वेगमर्यादा ४०’ हा आदेश नुसता ‘४०’ हा आकडा उरतो. आपल्या प्रदेशात दक्षिणेकडे तोंड असलेल्या फलकांवर ऊन अधिक पडते, तर नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या फलकांना ऊन आणि वाळू या दोहोंचा मारा सोसावा लागतो. तेव्हा तपासणीत या दिशेचे फलक प्रथम घ्यावेत. खांबाची झीज मात्र खाली, जमिनीलगत होते, कारण उड्या मारणारी वाळू तेथेच आदळते. वरून रंगविलेला खांब तळाशी गंजून मोडतो, तो यामुळे. तळाच्या भागाला जाड लेप किंवा काँक्रीटचे वेष्टन दिल्यास हे टळते.

फलक स्वच्छ करण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. कोरड्या फडक्याने घासल्यास वाळूचे कण सँडपेपरसारखे काम करतात आणि पत्रा कायमचा खराब होतो. प्रथम धूळ हलकेच झटकावी, नंतर थोड्या साबणाच्या पाण्याने मऊ फडके भिजवून वरून खाली पुसावे व शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावे. पाण्याची टंचाई असली तरी एका फलकाला लागणारे पाणी अल्प असते आणि त्या मोबदल्यात रात्रीची दृष्टी परत मिळते.

योग्य नाव, योग्य क्रमांक

फलक स्वच्छ असूनही चुकीचा असू शकतो. पठाणकोटपासून बिकानेर, जैसलमेर, बाडमेर यांवरून गुजरातकडे जाणारा मार्ग दीर्घकाळ राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १५ म्हणून ओळखला जाई. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर जैसलमेरहून बिकानेरकडे जाणारा मार्ग ११ आणि बाडमेरकडे जाणारा मार्ग ६८ झाला. अशा बदलानंतर नकाशावर एक क्रमांक, मैलाच्या दगडावर दुसरा आणि लोकांच्या तोंडी तिसरा, अशी स्थिती निर्माण होऊ शकते. अपघातग्रस्ताने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून “पंधरा नंबरच्या रस्त्यावर” असे सांगितले, तर रुग्णवाहिका कोणत्या दिशेने पाठवावी? फलक बदलण्याचा खर्च लहान असतो. परंतु तो न केल्यास लागणारी किंमत एखाद्याच्या प्राणाची असू शकते. हेच तत्त्व नगरातील गल्ल्यांची नावे व घरक्रमांक यांनाही लागू आहे. नाव लिहिताना लोकांच्या बोलण्यातील रूढ नाव वगळू नये. एकाच ठिकाणाचे नाव दोन फलकांवर दोन प्रकारे लिहिले जाऊ नये.

जबाबदारी कोणाची?

एकाच नगरात राष्ट्रीय महामार्ग, राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचे रस्ते, नगरपरिषदेच्या गल्ल्या आणि सीमाभागात सीमा रस्ते संघटनेचे मार्ग एकमेकांना मिळतात. किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूच्या परिसरात पुरातत्त्व विभागाची संमती लागते. निगा हरवते ती बहुधा दोन खात्यांच्या सीमेवर. चौकातील तुटलेला फलक कोणाचा, हे ठरेपर्यंत तो तुटलेलाच राहतो. यावर उपाय एकच. प्रत्येक रस्त्याचा आरंभ व शेवट, त्याचा धनी आणि त्याचे फलक यांची एकत्रित नोंदवही असावी व ती संबंधित सर्व कार्यालयांनी मान्य केलेली असावी.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत रस्ते व पूल, तसेच रस्त्यांवरील दिवाबत्ती हे विषय नगरसंस्थांकडे सोपविण्याची दिशा दिली. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत ग्रामीण रस्ते व मोऱ्या हा विषय पंचायतींसाठी नमूद केला. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत मैदानी भागासाठी ५०० लोकसंख्येची, तर वाळवंटी भागासाठी २५० लोकसंख्येची अट ठेवण्यात आली आणि बांधलेल्या रस्त्याच्या पाच वर्षांच्या निगेची जबाबदारी कंत्राटातच घालण्यात आली. बांधणी व निगा यांना एकाच करारात बांधण्याचे हे तत्त्व नगरांतील रस्त्यांनाही मार्गदर्शक आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १९८-अ तर अधिक पुढे जाते. रस्त्याच्या आखणी, बांधणी वा निगेतील ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार अथवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वर्षाचे वेळापत्रक

वाळवंटी नगरात कोणते काम केव्हा करावे, याला फार महत्त्व आहे. त्याची स्थूल रूपरेषा अशी मांडता येईल.

१. फेब्रुवारी-मार्च : वादळांचा काळ सुरू होण्यापूर्वी खड्डे भरणे, भेगा बुजविणे आणि डांबरीकरण. धुळीच्या वादळात डांबराचा चिकट लेप उघडा राहिला, तर त्यावर धूळ बसते व वरचा थर खालच्या थराला चिकटत नाही. आडोशाच्या कुंपणाची डागडुजीही याच काळात करावी.

२. एप्रिल ते जून : वाळू काढण्याची नित्य व्यवस्था. प्रत्येक वादळानंतर नगराबाहेरील सखल भाग, वळणे व मोऱ्यांची तोंडे प्रथम पाहावीत. जूनअखेर सर्व गटारे वाळूमुक्त असावीत.

३. जुलै ते सप्टेंबर : पाण्याचा निचरा, फरसबंदीचे सांधे आणि पाणी वाहते अशा सखल जागी खोली दाखविणारे खांब यांवर लक्ष ठेवणे. झाडे लावण्याचा काळही हाच.

४. ऑक्टोबर-नोव्हेंबर : सर्व फलकांची धुलाई, रात्रपाहणी, पट्टे रंगविणे. हिवाळ्यात पर्यटकांची वर्दळ वाढते. अनोळखी चालकाला फलकाशिवाय दुसरा वाटाड्या नसतो.

५. डिसेंबर-जानेवारी : वर्षभराच्या नोंदींवरून पुढील वर्षाचे अंदाजपत्रक तयार करणे.

फलकांच्या नोंदवहीत क्रमांक, जागा, प्रकार, तोंडाची दिशा, बसविल्याची तारीख, दिवसाची व रात्रीची स्थिती आणि शेवटच्या धुलाईची तारीख एवढे रकाने पुरेसे आहेत. आता भ्रमणध्वनीवरील छायाचित्रासह जागेची नोंद सहज होते. त्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. गरज आहे ती नियमितपणाची.

महाराष्ट्रासाठी बोध

महाराष्ट्रात थरसारखे वाळवंट नाही. तथापि यातील बहुतेक तत्त्वे येथेही लागू पडतात. विदर्भात चंद्रपूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यातील तापमान ४८ अंशांच्या घरात गेलेले आहे, तेव्हा डांबराच्या योग्य प्रतीचा प्रश्न तेथेही तितकाच निकडीचा आहे. पर्जन्यछायेतील तालुक्यांत पाऊस कमी म्हणून मोऱ्यांकडे होणारे दुर्लक्ष आणि एका वळवाच्या सरीत वाहून जाणारी साइडपट्टी, हे दृश्यही परिचयाचे आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये सार्वजनिक रस्त्यांची स्वच्छता, दिवाबत्ती व देखभाल ही नगरपरिषदांची आवश्यक कर्तव्ये आहेत. त्यांत उद्‌घाटनाचा समारंभ नसला, तरी नागरिकांच्या जीविताचे रक्षण आहे.

शिक्षकांना या विषयाचा उपयोग प्रत्यक्ष अभ्यासासाठी करता येईल. शाळेपासून बसथांब्यापर्यंतच्या वाटेवरील फलकांची यादी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. कोणता फलक झाडाने झाकला आहे, कोणत्याचा लाल रंग विटला आहे, कोणत्यावर जाहिरात चिकटविली आहे, कोठे फलक हवा असून नाही, हे त्यांनी नोंदवावे आणि ती यादी ग्रामसभेत अथवा नगरपरिषदेत सादर करावी. भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा मेळ या एका उपक्रमात साधतो. पंचायत सदस्यांनी अशी यादी हाती आल्यावर तिच्यावर तारीखवार काय कार्यवाही झाली हे पुढील सभेत सांगितले, तर मुलांना कारभाराचा पहिला धडा तेथेच मिळेल.

नवा रस्ता किती किलोमीटर झाला, याचा हिशेब सहज मांडता येतो. न झालेला अपघात, न चुकलेली वाट आणि वेळेवर रुग्णालयात पोहोचलेला रुग्ण यांचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. निगेचे फळ असे अदृश्य असते, आणि म्हणूनच तिच्यासाठीची तरतूद प्रथम कापली जाते. अंदाजपत्रकावर विचार करताना नव्या कामांच्या यादीपूर्वी जुन्या रस्त्यांच्या व फलकांच्या निगेची रक्कम बाजूला काढून ठेवण्याचा प्रघात प्रत्येक नगरपरिषदेने व पंचायतीने घातला, तर वाळवंटातील या लहानशा नगराच्या अभ्यासाचे सार्थक होईल.